इमला मनुबाईचा, भुई बाळासोंची

तुम्ही राहता त्या घराखालची भुई कुणाची आहे? भिंतींचं विचारत नाही, कौलांचंही नाही. चुलीखालची, अंथरुणाखालची जमीन कुणाची, ते सांगा. ‘आमचीच की’ असं चटकन म्हणालात ना? मलकापूरची मनुबाईही असंच म्हणायची.

मनुबाई कऱ्हाडात दुधाचे रतीब घालायची. नवरा मानसिंग फौजेत. लग्न झाल्यापासून बाई लोकांच्या पडवीत राहिली. एका मालकाला तिच्या म्हशींचा वास सोसेना, दुसऱ्याच्या सुनेला तिची पहाटेची खुडबुड. एकदा नवऱ्याचा कोट अडकवायला तिनं भिंतीत खिळा ठोकला, तर घरमालकीण दारात येऊन म्हणाली, “भित तुज्या बाची हाय व्हय गं?” मनुबाईनं तो खिळा उपसला आणि पानाच्या चंचीत टाकला. मला दाखवायची. “नाना, माजं घर हुईल तवा ह्यो ठोकीन. कुणाला न इचारता.”

त्रेचाळीस साली मानसिंग तोफांच्या आवाजात कान घालवून परत आला. दोघांचं साठलेलं एकत्र करून त्यांनी मलकापुरातलं तीन खणांचं कौलारू घर घेतलं. विकणारे भूपालआण्णा, जैन गृहस्थ. सांगलीला हळदीच्या अडतीत नोकरी लागली म्हणून घर काढत होते.

बाई अडाणी होती म्हणून बुडाली, असं आता लोक म्हणतात. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तिनं काय काय विचारलं ते ऐका. भावाभावांत वाटप झालंय का? सगळ्यांचे अंगठे होणार का? घर कुठं गहाण आहे का? सांडपाणी कुणाच्या दारावरनं जातं? म्हशी आत आणायची वाट कुणी अडवणार नाही ना? भूपालआण्णांनी एकेकाचं खरं उत्तर दिलं. वकिलाला पैसे मोजूनही यापेक्षा जास्त विचारून झालं नसतं. जमिनीचं तेवढं तिनं विचारलं नाही. का विचारावं? म्हैस विकत घेताना, पायसुद्धा देणार का, असं तुम्ही विचारता?

रजिस्टर कचेरीत कारकुनानं खत वाचायला घेतलं. “सदरहू तीन खणी इमला तुम्हांस कायम खरेदी दिला असे...”

“थांबा वाईच,” मनुबाई म्हणाली. “काय म्हणलासा?”

“इमला, बाई.”

तिचा चेहरा फुलला. नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ती ओरडली, “आवं, आपल्या घराला इमला लिवलंय. इमला.”

मानसिंगला ऐकू आलं नाही, पण बायको हसली म्हणून तोही हसला. कारकून हसला, साक्षीदार हसले. बाईला भारी आनंद झालाय, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. सांगितलं कुणीच नाही.

आपल्या बोलण्यात इमला म्हणजे टोलेजंग घर. कागदावर इमला म्हणजे भिंती, खांब, वासे, कौलं. जमीन सोडून जेवढं उभं दिसतं तेवढंच. बाईनं बोलण्यातला इमला विकत घेतला आणि तिला मिळाला कागदातला.

किल्ली देताना भूपालआण्णा म्हणाले, “मनुआक्का, वर्षाचं भुईभाडं बाळासोंकडं पोचवत जा हं.” बाळासो म्हणजे गावचे मोठे बागाईतदार. मनुबाईला वाटलं, सरकारची घरपट्टी असावी, मोठा माणूस म्हणून यांच्याकडं गोळा होत असेल. घर झालं म्हणजे पट्टी आलीच. ती नवं लुगडं नेसून भाडं भरायला जायची, कुणी मागायच्या आधी. येताना वाटेत भेटेल त्याला सांगायची, “घराचं भरून आले.”

खिळा तिनं पहिल्याच दिवशी ठोकला होता. दारासमोर, येणाऱ्याला आधी दिसेल असा.

लढाई संपली, गुळाला भाव आला आणि बाळासोंना वखार बांधायची हुक्की आली. त्यांच्या वकिलाची नोटीस घेऊन मनुबाई माझ्याकडं आली. कायदा मी शाळेत नाही शिकलो, कचेरीच्या पायऱ्यांवर शिकलो. खत वाचलं आणि ‘इमला’ शब्दावर माझं बोट थांबलं. तरी तिला घेऊन बाळासोंकडं गेलो.

बाळासो झोपाळ्यावर बसले होते. आवाज चढवला नाही त्यांनी. “मनुबाई, मी तुला फसवलं का? जागा माजी. तू भाडं दिलंस, मी ऱ्हाऊ दिलं. आता मला गुळाला वखार पायजे.”

“मग मला बी त्या वखारीत ढेपंसारखी रचून ठेवा,” मनुबाई म्हणाली.

ते खदखदून हसले. तिला चहा पाजला. जागा सोडली नाही.

मी तणतणत सांगली गाठली. भूपालआण्णांची गचांडी धरायची असंच ठरवून गेलो होतो. अडतीत ते हळदीची पोती मोजत होते, बोटं नखापर्यंत पिवळी.

“आण्णा, बाईला जमीन विकलीत म्हणून सांगितलंत?”

“न्हाई वो. कवाच न्हाई.” ते गोंधळले. “मी इमलाच म्हणालो. खतात इमलाच लिवला. भुईभाडं भरायचं बी सांगितलं. आमच्यात तर पोराटोरास्नी ठावं असतंय, इमला म्हंजे काय. आक्काला ठावं नव्हतं?”

मला शिवी द्यायला माणूसच सापडेना. त्या वेळी मला आलेला राग अजून तसाच पडून आहे.

कोर्टात बाळासोंच्या वकिलानं तिला पिंजऱ्यात उभं केलं. “बाई, दरसाल भुईभाडं कुणाला देत होता?”

“बाळासोंस्नी.”

“म्हणजे भुई कुणाची?”

ती म्हणाली, “पण माजा इमला हाय. इमला म्हंजे राजाचं असतंय तसलं घर. भुई बिगर कसं आसंल?”

“तीन खणांचं घर, आणि राजाचं?”

कोर्ट हसलं. मी उठून बोलायला लागलो तर पट्टेवाल्यानं मला बाहेर काढलं. भाडं तिनं स्वतःच्या हातानं, नवं लुगडं नेसून भरलं होतं. त्याहून मोठा पुरावा बाळासोंना कशाला हवा होता? निकाल लागला: जागा मालकाची, इमला बाईचा. बाईनं आपला इमला मुदतीत उचलून न्यावा.

उचलून न्यावा. जसं काय ते घर नव्हे, दुधाची कासंडीच.

निकाल लागला तेव्हा देशात झेंडे लागून फार दिवस झाले नव्हते. घर मोडायला आम्ही चारदोन जण गेलो. मानसिंग कौलं उतरवत वरून म्हणाला, “फौजेत तंबू लय मोडलं, नाना. सवं हाय.” कुणी हसलं नाही. खाली मनुबाई चौकटीचे खिळे दगडावर सरळ करत बसली होती. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “बाई, राज्य आपलं आलंय. कायदे बदलतील.”

तिनं मान वर केली नाही. “देश आपला झाला म्हणं. त्येचं खत कुणी वाचलंय का? देश लिवलाय का इमला?”

मी भाषणं करणारा माणूस. मीही एक दगड ओढला आणि तिच्या शेजारी खिळे सरळ करायला बसलो.

आता ती दोघं पुन्हा एकाच्या पडवीत राहतात. म्हशी विकल्या, कारण बांधायला भुई नाही. घर रस्त्याकडेच्या बाभळीखाली रचून ठेवलंय. खांब, तुळया, दाराची चौकट, कौलांची चळत. सगळं तिच्या मालकीचं, कायद्यानं, अगदी रजिस्टर. मी ओळखीच्यांकडं, पुढाऱ्यांकडं, देवस्थानाच्या पंचांकडं जागा मागून दमलो. ‘बघू’ म्हणतात. सागवान येता पाऊस काढील. आंब्याच्या फळ्या नाही काढायच्या. खिळा परत चंचीत गेला आहे.

म्हणून तुमच्याकडं मागतो. वाचून हळहळू नका, त्यात काही राहायला मिळत नाही. मलकापुरात, कऱ्हाडात, कुठंही, तुमच्याकडं तीन खणांपुरती भुई पडून असेल तर मनुबाईला द्या. आणि देताना कागदावर ‘जागा’ लिहा.