खटक्याचा चाकू आणि पहूरचा साखरपुडा

पारोळ्याच्या आठवडे बाजारातली ती दुपार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. विसरले असते तर बरं झालं असतं, कारण त्या दिवशी मी जे काही केलं ते नातवंडांना सांगण्यासारखं नाही. पण परवा माझी नात मोबाईलवर घडीचे चाकू बघत बसली होती. ती फळबागांच्या कामावर असते, रोज जवळ ठेवायला एक हवा होता. "आजी, हा बघ, बटण दाबलं की खट्कन उघडतो," ती म्हणाली आणि मला हसू आवरेना. तेव्हा आता सांगूनच टाकते.

मी नवी फौजदार होते. टोपी डोक्यापेक्षा मोठी आणि आत्मविश्वास टोपीपेक्षा मोठा. बाजारात लागोपाठ तीन आठवडे बायकांच्या पिशव्या कापल्या गेल्या होत्या. रेक्झिनची पिशवी, खालचा कोपरा तिरका उडवलेला, आतलं पाकीट गायब. फिर्यादी तीन, आरोपी एकही नाही.

त्या दिवशी टपरीवर चहा घेत होते. चहावाला हळूच म्हणाला, "मॅडम, समोर पाहा. हार्डवेअरच्या दुकानाबाहेर. अर्धा तास झाला, तो माणूस खटक्याचा चाकू उघडतोय नि मिटतोय."

खरंच, तिशीचा एक माणूस चाकू कानाजवळ धरून खट्‌ खट्‌ करत होता. अर्धा चहा टाकून मी धावले आणि त्याची कॉलर धरली. गर्दी जमली तशी माझी मान आणखी ताठ झाली. चाकू हिसकावून पँटच्या खिशात टाकला आणि त्याला ठाण्याकडे चालवत नेलं. ठाण्याच्या दारात पोचतो तोच खिशात खट्‌ झालं. टोक आरपार गेलं, खिसा फाटला आणि आतली शिट्टी उंबऱ्यावर पडली. मांडी वाचली हे नशीब.

ठाण्यात आमचे हवालदार नाना होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी आधी शिट्टी माझ्या हातात दिली, मग म्हणाले, "मॅडम, मुद्देमाल पंचांसमोर सील करतात. खिशात ठेवत नाहीत."

मी चौकशीला बसले. रोखून पाहिलं की माणूस कबूल होतो, अशी माझी पक्की समजूत होती. पाच मिनिटं रोखून पाहिलं. माझ्याच डोळ्यांना पाणी आलं.

"किती पिशव्या कापल्या?"

"ताई, आजच इकत लिधा. यानं अजून काकडी भी नही कापेल शे."

"मग खटखट कशाला करत होतास?"

"आवाज कसा शे, ते पाहत होतो."

चोपड्याकडच्या केळीबागांत तो घड कापणाऱ्या टोळीचा मुकादम होता. एका हाताने घड पेलायचा, दुसऱ्याने त्याला आधाराला बांधलेली दोरी कापायची. मग दोन हातांनी उघडायचा चाकू काय कामाचा? म्हणून खटक्याचा. एवढं सांगून तो खाली बघू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहूरला त्याचा साखरपुडा होता, आणि मुलीचा मामा त्याच बाजारात आला होता.

"त्यानं माले तुमच्यासंगे जाताना पाहिलं. आता तो पहूरच्या गाडीत बसला असेल. सोयरीक मोडली समजा."

"पुरावा बोलेल," मी म्हणाले. हे मी खरंच मोठ्याने म्हणाले. नाना छताकडे बघत राहिले.

पंच म्हणून बाजारातल्या त्याच हार्डवेअर दुकानाच्या शेठजींना बोलावलं. घराणं मूळ राजस्थानचं, पण मराठी माझ्यापेक्षा चोख. पंचाने वस्तू पाहून सही करायची असते. शेठजींनी चाकू हातात घेतला आणि त्यांच्यातला दुकानदार जागा झाला.

"मॅडम, हा माझ्याकडचा नाही, बाहेरच्या पथारीवरचा. माझा चाकू मुकाट्याने उघडतो, म्हणून यांना तो पसंत पडला नाही." मग त्यांनी पातं उघडलं आणि टोक चिमटीत धरून हलवलं. "बघा, डुगडुगतं. म्हणजे खीळ सैल." पात्याच्या पाठीवर दाब दिला तर ते सरळ मिटलं. "कुलूप धरत नाही. काम करताना हे बोटांवर येणार. बटण खोबणीत बसलेलं नाही, त्याला अडसरही नाही. खिशात कधीही उघडेल."

"उघडलं," नाना म्हणाले.

"पातं चार बोटांच्या आत असावं, केळीच्या चिकाने गंजणार नाही असं. मूठ ओल्या हातातून सुटू नये. आवाज सगळ्यात शेवटी बघायचा, नाही बघितला तरी चालतो."

नाना हे सगळं पंचनाम्यात लिहून घ्यायला निघाले होते, त्यांना थांबवावं लागलं. शेठजींनी फिर्यादीच्या पिशवीवर चाकू ओढून दाखवला. रेक्झिन नुसतं चुरगळलं. "टोक आहे, धार नाही. पिशवी कापणाऱ्याचा हात रोज पिशव्याच कापणारा असणार."

नातीलाही मी हेच सांगितलं: आधी पातं हलव, मग कुलूप दाब, मग मिटलेला चाकू उलटा धरून झटक. आणि खटक्याचाच घ्यायचा असेल तर नियम काय आहे ते आधी ठाण्यात विचार. भरबाजारात तो मिरवू नकोस, तुझ्या आजीसारखी एखादी नवी फौजदार तिथे असू शकते.

पंचांना चहा सांगायला मी स्वतःच गेले, कारण ठाण्यात बसवत नव्हतं. चहावाल्याने दुधाची पिशवी घेतली. बोटांच्या बेचक्यात अर्धं ब्लेड होतं. पिशवी आडवी धरली, खालचा कोपरा गाठला आणि एक तिरका फटका मारला.

तो कोपरा मी तीन वेळा पाहिला होता. बाजाराला आलेल्या बायका त्याच्याच बाकड्याशी पिशवी टेकवून चहा प्यायच्या. रोज मीही तिथेच प्यायची.

पंचांसमक्ष झडती घेतली. फळीखालच्या डब्यात तिन्ही पाकिटं निघाली.

"गुन्हा उघड झाला, मॅडम," नाना म्हणाले. "आता यांच्या साखरपुड्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी त्याच्याबरोबर पहूरला गेले. वर्दी घातली होती, खिशाला टाके घातले होते. मामा दारातच उभा होता. मांडवातली माणसं भोवती गोळा झाली. मी सांगितलं की याने काही केलेलं नाही, चूक माझी आहे आणि खरा चोर कोठडीत आहे.

"मंग याले धरलं कशाले?" मामाने विचारलं.

"चाकूच्या आवाजावरून."

आतल्या खोलीच्या दारातून नवरीनेच विचारलं, "चाकू कसा व्हता, मॅडम?"

"पातं डुगडुगतं, कुलूप धरत नाही."

"आन् यायनं तो नुसत्या आवाजावरून इकत घेतला?" ती त्याच्याकडे वळली. "मले पाहाले आले तव्हा काय पाहिलं व्हतं? बांगड्यायचा आवाज?"

मामा आधी हसला, मग सगळा मांडव हसला. कुंकवाचं ताट बाहेर आलं. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला होता.

पुढे नोकरीत कितीतरी कोर्टांत साक्षी दिल्या, पण त्या मांडवातल्या साक्षीइतकी अवघड एकही नव्हती. खबरी मात्र मी नंतरही पुष्कळ ठेवले, त्यांच्याशिवाय पोलिसांचं चालत नाही. कुणी जवळ येऊन कानाशी लागला की मी ऐकून घ्यायची, आणि ऐकता ऐकता आधी त्याचेच हात बघायची.