अण्णांची केबिन बसेना

भुताखेतांच्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत. आमच्या घरात कुणी अंगारेधुपारे केले नाहीत, आणि मी तर पुढे आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे इथं लोकांनी लिहिलेले अनुभव वाचते आणि गप्प बसते. पण एक गोष्ट भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत घडली... ती आज लिहून टाकते.

आम्ही काष्टीचे, तालुका श्रीगोंदा. माझे वडील — आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो — स्वतःचा ट्रक चालवायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं लिलावात काढलेला, जाड पत्र्याचा, गोल नाकाचा. बाजारच्या बैलांपासून उसाच्या बेण्यापर्यंत सगळं त्यातून जायचं. एकाहत्तर सालच्या थंडीत एक दिवस अण्णांनी गाडी दारातल्या लिंबाखाली लावली, इंजिन बंद केलं, आणि खाली उतरलेच नाहीत. आई जेवायला हाक मारायला गेली, तर... असो.

त्यानंतर गाडी हलली नाही. पण आई रोज कामं आटोपली की केबिनमध्ये जाऊन बसायची. अण्णांच्या जागी नाही, शेजारच्या सीटवर. हळू आवाजात बोलायची — कुणाची म्हैस व्याली, माझ्या परीक्षेचं काय झालं. मध्येच थांबायची, ऐकल्यासारखं करायची, आणि हसायची. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, ते बघवायचं नाही. तो शेताकडे निघून जायचा.

पुढच्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. दुष्काळी कामांवर खडी आणि चारा वाहायला गाड्या हव्या होत्या. अण्णांच्या गाडीचं इंजिन जाम झालं होतं, चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, तडकली होती. दादा म्हणाला, "आई, भंगारात देऊन टाकू."

"खालचं काय बी बदल," आई म्हणाली. "वरचं ऱ्हाऊ दे. ते बसत्यात तिथं."

दादानं अपघातातल्या एका गाडीची, बऱ्यापैकी नवी चासी इंजिनासकट मिळवली. अण्णांची केबिन तिच्यावर चढवायची ठरलं. काम दिलं नगरच्या गफूर मिस्त्रींना. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं वर्कशॉप होतं, आणि अण्णांशी त्यांचा जुना स्नेह. त्यांनी चासीवर नवे ब्रॅकेट वेल्ड केले, मापं घेऊन भोकं पाडली. केबिन चढवायच्या दिवशी आई हट्टानं आमच्याबरोबर आली.

चेन-पुलीनं केबिन उचलली, खाली सोडली. सगळे बोल्ट गेले, फक्त ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा एक जाईना. तो कोपरा दोन बोटं वर राहिला होता. पुन्हा उचलली, मापं तपासली, पुन्हा सोडली... तेच. दादा आत चढून अण्णांच्या सीटवर बसला, बाहेरून दोघांनी दाब दिला. काही उपयोग झाला नाही. दादा उतरला, पण सीटची गादी तो बसल्यासारखी दबलेलीच राहिली. मला वाटलं, जुन्या स्प्रिंगा असतील.

"मापात चूक न्हाई," मिस्त्री घाम पुसत म्हणाले. "पन बसंना."

आई इतका वेळ बाकड्यावर होती. ती उठली, डावीकडचं दार उघडून आत चढली.

"वहिनी, तिकडं बसून काय व्हनार? ही बाजू अजून उचलंल," मिस्त्री म्हणाले.

आईनं दार लावून घेतलं. मी उजव्या दाराशी उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. रिकाम्या सीटकडे बघत ती म्हणाली, "आता पोराच्या हातात द्या. किती दिस असं धरून बसनार? हिकडलं मी बघते. तुमी जावा."

मग ती बराच वेळ ऐकत राहिली. डोळे गळत होते, पुसत नव्हती. शेवटी तिनं मान हलवली.

दबलेली गादी हळूहळू वर आली... कुणी उठावं तशी. आणि केबिनचा तो कोपरा आवाज न करता खाली टेकला. मिस्त्रींनी बोल्ट नुसत्या हातानं सरकवला. नंतर ते तिथंच जमिनीवर बसले.

आठवड्यानं गाडी तयार झाली, तेव्हा आम्ही तिघं तिच्यातूनच घरी निघालो. नगर मागं पडल्यावर दादानं समोर बघतच विचारलं, "आई, अण्णा हायेत ना गं इथं?"

"न्हाई रे. गेले," आई म्हणाली. "मीच जा म्हनले."

दादानं गाडी कडेला घेतली. अण्णा गेले तेव्हा तो रडला नव्हता... तो त्या दिवशी रडला. आईनं त्याला रडू दिलं, समजूत घातली नाही.

नंतर अनेकांनी मला कारणं सांगितली. चेन अडकली असेल, पत्रा उन्हानं ताणला असेल. मी स्वतःही ती शोधून पाहिली, एकही पुरं पडत नाही. मला एवढंच माहीत आहे, की त्या दिवसापर्यंत आई अण्णांबद्दल 'हे म्हणतात' असं बोलायची. त्यानंतर ती 'हे म्हणायचे' असं म्हणू लागली.