काका निर्दोष ठरला तेव्हा

माझ्या बाबांना माझ्या काकानं मारलं. हे मी अजूनही एका दमात बोलून टाकते. मध्ये थांबलं की ऐकणारा लगेच विचारतो, "काय वाद होता?" वाद नव्हता.

मोर्शीकडच्या आमच्या गावात दोघा भावांचा शेवंतीचा मळा होता. तोडलेली फुलं बाबा अमरावतीच्या बाजारात न्यायचे. काकाचं लग्न झालं नव्हतं. विशीतच त्याला आवाज ऐकू येऊ लागले होते. अमरावतीच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू असल्या की तो बाबांच्या बरोबरीनं राबायचा, मला सायकलवर शाळेत सोडायचा. गोळ्या सुटल्या की विहिरीत कोणीतरी विष कालवलंय म्हणून पाण्याला शिवायचा नाही. त्या वर्षी हात थरथरतात म्हणून त्यानं गोळ्या गुपचूप बंद केल्या. बाबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "सोमवारी नेतो त्याले डॉक्टरकडे." सोमवार उजाडायच्या आधीच ते झालं.

मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते. पाहिलं ते एकट्या आईनं. बाबा वाफ्यात वाकून निंदत होते. काका मागून आला आणि त्यानं डोक्यात कुदळ घातली. आई भाकरी घेऊन बांधावर पोचली होती. ती किंचाळत बाबांकडे धावली. काका विहिरीवर गेला, कुदळ धुतली, झोपडीत जागच्या जागी ठेवली आणि येऊन आईनं टाकलेलं गाठोडं उघडून जेवायला बसला.

"वैनी, दादाले उठव," तो म्हणाला. "भाकर थंडी होऊन राहिली."

खटला अमरावतीच्या सत्र न्यायालयात उभा राहिला. प्रत्यक्ष पाहणारी म्हणून आई सरकारी पक्षाची मुख्य साक्षीदार. साक्षीच्या आधी मामा घरी आला. "वावराच्या हिश्श्यावरून भांडन होतं म्हन," त्यानं तिला बजावलं. "नाई तर पागल म्हनून सुटते तो." आईनं ऐकून घेतलं.

कोर्टात सरकारी वकिलांनी तेच विचारलं, "आरोपीचं मयताशी शेतीवरून भांडण होतं का?"

"नाई."

"मग त्यानं का मारलं?"

"मले काय मालूम? त्यालेच मालूम नव्हतं."

काका आरोपीच्या पिंजऱ्यात ओठ हलवत उभा होता. तिच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. त्याच्या वकिलानं आईला आजाराबद्दल विचारलं, तिनं आवाजांपासून विहिरीपर्यंत सगळं सांगितलं. पण त्या वकिलानं डॉक्टरांना साक्षीला बोलावलंच नाही.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी सांगितलेलं मला समजलं ते असं, की माणूस आजारी असणं पुरेसं नाही. मारताना आपण काय करतोय, ते चूक आहे, हे त्याला कळत नव्हतं, असं त्याच्या बाजूनं दाखवून द्यावं लागतं. इथं तर त्यानं कुदळ धुतली होती. रक्त धुतलं म्हणजे गुन्हा कळत होता. जन्मठेप झाली. मामानं हात जोडले. मलाही बरं वाटलं, छातीवरचा दगड हलल्यासारखं.

परतताना एसटीत आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "रोजच धुवत होता वं तो कुदळ. वावरातून निंगताना. कोनी विचारलंच नाई मले."

तुरुंगात काकावर उपचार सुरू झाले. दरम्यान माझं लग्न होऊन मी अकोल्याला आले. उच्च न्यायालयात अपील गेलं तेव्हा मोफत कायदेशीर मदतीतून मिळालेल्या नागपूरच्या वकीलबाई आईला भेटायला गावी आल्या. त्यांना तिनं कुदळीचं सांगितलं. न्यायालयानं डॉक्टरांची साक्ष नोंदवायला लावली आणि आईलाही पुन्हा बोलावलं. मामानं आमच्या घरी येणं सोडलं. मी अकोल्याहून तिला अडवायला गेले.

"नको जाऊ आई. बाबांचा तरी विचार कर."

"त्यायचाच करून राहिली," ती म्हणाली. "त्यायचा भाऊ व्हय तो. ते वाचले असते त त्यायनंच साक्ष देल्ली असती."

ती गेली आणि जे होतं ते बोलली. उच्च न्यायालयानं मान्य केलं की त्या सकाळी काकाला कशाचीच शुद्ध नव्हती. तो निर्दोष ठरला. पण घरी नाही सोडलं, मनोरुग्णालयात ठेवायचा आदेश झाला.

पुढं कधीतरी तिथल्या डॉक्टरांनी कळवलं, तब्येत सुधारली आहे, नातेवाइकानं जबाबदारी घेतली तर घरी नेण्याची परवानगी मिळू शकते. नातेवाईक म्हणजे आई, नाही तर मी. तिच्याबरोबर मी गेले. खरं तर तिनं सही करू नये म्हणूनच गेले.

काका पांढरा झाला होता. हात थरथरत होते, पण डोळे जागेवर होते. आईला बघताच तो खाली बसला आणि त्यानं तिचे पाय धरले. तो रडत होता. तेव्हा मला कळलं, याला आता सगळं ठाऊक आहे. मारलं तेव्हा ठाऊक नव्हतं, जन्मठेप झाली तेव्हाही नसावं. औषधांनी तो बरा झाला, आणि बरं होणं म्हणजे त्याच्यासाठी हे होतं.

"चाल घरी," आई म्हणाली.

"मले नेऊ नको वैनी."

"काहून?"

"डोकं पुन्हा फिरलं त मले समजनार नाई. तू घरात एकटी असतं." मग पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे पाहिलं. "पोरी, हिले समजाव."

मी मान डोलावली. त्याच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण माझा हात उचलला गेला नाही. सही न करता आम्ही निघालो.

काका अजून तिथंच आहे. कायद्यानं निर्दोष, आणि घरी न्यायला कोणी नाही. मळा आम्ही दुसऱ्याला कसायला दिला. आई वर्षातून एकदोनदा त्याला भेटायला जाते, शर्ट आणि संत्री घेऊन. आताशा तिचे गुडघे दुखतात. मागच्या वेळी तिनं फोनवर विचारलं, "माह्यामागं त्याले कोन पाहीन?"

मी म्हटलं, "बघू आई." तिनं फोन ठेवला.