काकूंच्या मापाची बारामती

अख्खी बारामती स्वतःच्या बायकोनं मोजून काढणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो मला चुलतसासरा म्हणून मिळाला. सगळे त्यांना तात्या म्हणतात. राहायला कन्हेरीला, पण जीव बारामतीच्या रस्त्यांत. तरुणपणी लग्नांचे फोटो काढून त्यांनी पोट भरलं आणि उरलेले रोल दुकानांवर, भिंतींवर, टपऱ्यांवर संपवले. प्रत्येक फोटोच्या डाव्या कडेला काकू उभ्या. प्रेमापोटी नव्हे, मापासाठी. काकू बरोबर पाच फूट. त्यावरून शेजारची इमारत किती उंच ते कुणालाही काढता येतं, असं तात्यांचं शास्त्र. मी एमआयडीसीतल्या एका डेअरीत हिशेब बघतो. मला हे शास्त्र पटतं, पण घरात तसं बोलून दाखवत नाही.

आता दर रविवारी तात्या ते जुने फोटो पिशवीत घालून येतात आणि त्याच जागी उभं राहून मोबाइलवर नवा फोटो काढतात. काकूंनी 'मी काय मोजपट्टी हाय?' म्हणून केव्हाच अंग काढून घेतलंय, त्यामुळे त्यांच्या जागी मी. मी पाच फूट आठ इंच, म्हणून तात्या रस्त्यापलीकडून ओरडतात, "पाव्हणं, गुडघ्यात वाका." भिगवण चौकात मी असा वाकून उभा असताना एका फळवाल्यानं बसायला क्रेट आणून दिला. जुन्या फोटोत सायकलचं दुकान आहे तिथं आज काचेची बँक दिसली, तर तात्या बँकेच्या रखवालदाराला समजावत होते की तुमची इमारत चुकीच्या जागी आहे. तोही बिचारा आत विचारून येतो म्हणाला.

काकूंचा राग मात्र पहिल्या फोटोपासूनचा. लग्नानंतर तात्या त्यांना पहिल्यांदा सिनेमाला घेऊन निघाले. वाटेत कौलारू दुकानांची एक रांग दिसली आणि ऊन हवं तसं पडेपर्यंत नव्या नवरीला भिंतीशी उभं केलं. थिएटरात पोचले तेव्हा मध्यंतर झालं होतं. "सिनेमातल्या त्या बाईला घरातनं का काढलंवतं, मला अजून म्हाईत न्हाय," काकू आजही म्हणतात.

गेल्या महिन्यात बातमी आली, ती कौलारू रांग पडणार. तात्यांच्या सगळ्या फोटोंतली तेवढी एकच जागा होती तशी उरली होती. तिथं मी चालणार नव्हतो. तात्या दोन वेळा जेवले नाहीत, आणि न जेवलेले तात्या काकूंना सहन होत नाहीत. त्यांनी अट घातली: आधी सिनेमा, पहिल्यापासून. तात्यांनी त्यांना शनिवारी नेलं, तेही इतक्या लवकर की आत झाडलोट चालू होती.

रविवारी काकू भिंतीशी उभ्या राहिल्या, चेहरा जुन्या फोटोतल्यासारखाच फुगलेला. जुना फोटो माझ्या हातात होता. त्यात त्यांचं डोकं खिडकीच्या वरच्या चौकटीला टेकलेलं. आज ते चौकटीच्या चार बोटं खाली होतं. तात्या पुढं आले, मागं गेले, मोबाइल पुसला. मग रस्त्यावर शंका घेतली. मी सांगितलं की डांबराचे थर चढून रस्ता वरच आलाय; त्या हिशेबानं काकू चौकटीच्या वर दिसायला हव्यात.

तात्यांनी चौकट आणि काकूंचं डोकं यांच्यामध्ये बोटं लावून पाहिली. मग हळूच म्हणाले, "म्हंजी कमी तू झालीस व्हय."

"मग काय भिंत वाढल?" काकू म्हणाल्या. "हितं या. तुमी किती उरलाय ते बी कळू द्या."

एवढ्या वर्षांत तात्या स्वतः कधी फोटोत आलेले नव्हते. त्यांनी मोबाइल माझ्याकडं दिला, टोपी काढली आणि काकूंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मी त्यांना सरळ उभं राहायला सांगणार होतो. त्याआधी काकूंनीच कोपर मारून त्यांना ताठ केलं.

मी फोटो काढला. ती रांग आता पडली आहे. फोटो नीट पाहिला तेव्हा कळलं, मी दोघांच्या फार जवळ गेलो होतो. कौलं तर आलीच नाहीत, खिडकीही निम्मी कापली गेली. माप काढायला त्यात काहीच नाही. तात्यांनी तो मोठा करून माजघरात लावलाय. अजून तरी त्यांनी तक्रार केलेली नाही.