जावई टायर कंपनीत आहे

मी वाळूजच्या एका टायर कंपनीत एकवीस वर्षं नोकरी करतोय आणि या एकवीस वर्षांत मी टायरला एकदाही हात लावलेला नाही.

मी कॅन्टीनची खरेदी बघतो. बटाटे, कांदे, वांगी, तूरडाळ. पण लग्न जमवताना मध्यस्थ काकांनी "मुलगा टायर कंपनीत खरेदी बघतो" एवढंच सांगितलं. सासऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही आणि मीही उत्तर दिलं नाही. (न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं हा उद्धटपणा, असे माझ्यावर संस्कार आहेत.) पुढे सासरच्या गावात कुणाच्या ट्रॅक्टरचे टायर बदलायचे असले की शेंद्र्याहून फोन यायचा, "पाव्हणं, कोंचं घ्यायचं?" मी घाबरून जे पहिलं सुचेल ते नाव सांगायचो. आणि ते टायर दर वेळी चांगले निघायचे! त्यामुळे माझी भीती दर वर्षी थोडी थोडी वाढत गेली.

"सांगून टाका ना एकदा," माझी बायको सुनंदा म्हणायची. "वीस वर्षं झाली लग्नाला. आता काही मला परत नेत नाहीत ते."

तिचं ठीक आहे, ती त्यांची मुलगी. मी मुळात रिक्षा वळली तरी डोळे मिटणारा माणूस, आणि माझे सासरे, म्हणजे मामा, सदुसष्टाव्या वर्षी ज्वारीचं पोतं एकट्यानं उचलतात. तरुणपणी शंकरपटात बैल पळवायचे. एकदा त्यांनी कौतुकानं माझ्या पाठीवर थाप मारली होती, तेव्हापासून मी मऊ गादीवर झोपू शकत नाही. अशा माणसाला "मी तुम्हाला वीस वर्षं फसवलं" हे वाक्य कुठल्या अंतरावरून सांगावं, हे मला अजून ठरवता आलं नव्हतं.

गेल्या थंडीत मामांनी स्पोर्ट्स कार घेतली.

शहरातल्या एका डॉक्टरांची जुनी गाडी होती. त्यांची कंबर गेली, म्हणून त्यांनी विकली. लालभडक, दोन दारांची, दोनच सीटची आणि उंची माझ्या कमरेइतकी. "ह्यात बसायचं का लोळायचं?" असं विचारून मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, तिच्यात बसायला साफ नकार दिला. मामा मात्र पंचविशीत गेले होते. गावातल्या प्रत्येक गतिरोधकावर ती गाडी तिरकी करून, पोटाला धक्का न लावता न्यायला ते आठवड्यात शिकले.

"पाव्हणं, टायरचं रबर पार गुळगुळीत झालंय," त्यांचा फोन आला. "बैल कितीबी तगडा असू द्या, खुराची पत्री झिजली की घसरतोय. उद्या उस्मानपुऱ्यात जाऊ. तुमी हायत म्हून मला काय घोर नाय."

त्यांचा घोर मला लागला. ट्रॅक्टरचं एक ठीक होतं, तो बिचारा चालून चालून किती वेगानं चालणार? पण ही गाडी मामा जालना रोडवर पळवणार. मी निवडलेला टायर फुटला तर? मला भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसू लागला. फोटोखाली बसलेले पाव्हणे हळूच एकमेकांना सांगत होते, "टायर जावयानं निवडल्यालं, बरं का."

उस्मानपुऱ्यातलं दुकान सलीमभाईंचं. मामांनी आत शिरतानाच जाहीर केलं, "हे आमचं जावई. टायर कंपनीत हायत. काय सांगायचं ते त्यांना सांगा."

"अरे वा! फिर तो साहब से क्या छुपाना!" सलीमभाईंनी एक टायर माझ्यासमोर उभा केला. "ये देखो, वाय रेटिंग का माल."

"पाव्हणं, वाय म्हंजी?"

मी पंख्याकडे बघितलं. पंख्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"तीनसौ," सलीमभाई म्हणाले.

"तीनशे!" मी ताबडतोब म्हणालो. "तीनशे किलोमीटर."

मामा विचारात पडले. "तीनशे किलोमीटर झालं की बदलायचं? मग पुण्याला गेलो तर येताना काय करू?"

"नै दादा, तीनसौ की रफ्तार! घंटे में तीनसौ झेलता ये," सलीमभाई हसले. साहेब मस्करी करताहेत असं त्यांना वाटलं.

"तीनशे..." मामांचे डोळे चमकले. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

आता काहीतरी जाणकारासारखं करणं भाग होतं. मी पुढे झालो आणि रोज सकाळी मोंढ्याच्या बाजारात भाजी घेताना जे करतो तेच केलं. टायरला अंगठ्यानं दाबलं, बोटाच्या पेरानं टकटक केलं, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "माल ताजा आहे का?"

सलीमभाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"साहब, आपसे क्या छुपेगा," ते खालच्या आवाजात म्हणाले. टायर फिरवून त्यांनी काठावरचे चार आकडे दाखवले. कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी टायर बनला, ते त्यावर लिहिलेलं असतं म्हणे! हा टायर चार वर्षांपूर्वीचा होता. "रखे रखे रबर कडक हो जाता. अब्बी ताजा निकालता."

ते नवे टायर आणायला आत गेले. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शंकरपटाचं मैदान मारलं होतं. थाप पडणार हे ओळखून मी चपळाईनं टायरच्या ढिगामागे सरकलो.

चारही टायर बसले. निघताना सलीमभाई म्हणाले, "साहब को तो मालूमच है, फिर भी बोलता दादा. नरम रबर है. ठंडे में पकड नै लेता. पैले गरम होने देना, फिर भगाना."

"गरम म्हंजी किती, पाव्हणं?"

सुरुवातीचे काही किलोमीटर हळू चालवा म्हणजे टायर आपोआप गरम होतात, हा त्याचा साधा अर्थ मला नंतर कळला. त्या क्षणी माझ्या मदतीला धावली ती फक्त कॅन्टीनची भाषा.

"कोमट पुरे," मी ठामपणे म्हणालो. "हाताला सोसवेल इतपत."

सलीमभाईंनी आदरानं मान हलवली. ही कंपनीतली आतली भाषा असावी, असा त्यांचा समज झाला.

रविवारी सकाळी गाडीच्या पूजेला आम्ही शेंद्र्याला गेलो. हवेत चांगलाच गारठा होता. वाड्यापुढच्या शहाबादी फरशीवर लाल गाडी उभी होती आणि नवे टायर असे काळेभोर चमकत होते की त्यात तोंड बघून भांग पाडावा. बाजूला रिकामी बादली होती आणि हवेत करडईच्या तेलाचा खमंग वास होता. भजी होताहेत, असं समजून मी खूश झालो.

मामींनी गाडीला हळदीकुंकू लावलं आणि चार चाकांखाली चार लिंबं ठेवली.

"बसा, पाव्हणं."

"मी... मी मोटरसायकलवर मागून येतो की, मामा."

"आसं कसं? टायर तुमी निवडल्यालं. पयला मान जावयाचा!"

मानाला नाही म्हणता येत नाही. मी गाडीत शिरलो, म्हणजे उतरलो, आणि पाटावर बसल्यासारखा पाय लांब करून बसलो. समोर फरशीचा उतार होता. उताराच्या टोकाला उजवीकडे विहीर आणि डावीकडे कडब्याची गंज. मी पट्टा बांधला. घट्ट बांधला. मग विहिरीचा विचार मनात आला, म्हणून तो पुन्हा जरा सैल केला.

मामांनी गाडी सुरू केली आणि पाय दाबला. गाडी हललीच नाही! मागची चाकं जागच्या जागी गरगरू लागली. मागची दोन लिंबं बंदुकीच्या गोळीसारखी सुटली आणि त्यातलं एक मामींच्या हातातल्या ताटावर ठणकन आदळलं.

"पाव्हणं, ही पुढं काहून जाईना?"

मी उत्तर देण्याआधीच ती गेली. पुढे नाही, आडवी. लोण्यावरून सुरी जावी तशी ती गाडी उतारावरून आवाज न करता घसरत निघाली. मामांनी ब्रेक दाबला, गाडी घसरत राहिली. मामांनी स्टिअरिंग फिरवलं, गाडीनं लक्षच दिलं नाही. काचेत आधी गोठा दिसला, मग मामी, मग विहीर. विहीर मोठी होत चालली.

"मामाऽऽ!" मी डोळे मिटून किंचाळलो. "मी टायरमधला नाही! मी कॅन्टीनला आहे! मी बटाटे घेतो, मामा! वांगी घेतो! मला टायरातलं काहीसुद्धा कळत नाही! माफ कराऽऽ!"

धप्प असा आवाज झाला. सगळीकडे अंधार पसरला. मी मेलो असं समजलो, पण स्वर्गात कडब्याचा वास का यावा?

गाडीनं आयत्या वेळी मन बदललं होतं आणि ती गंजीत पार दारांपर्यंत घुसली होती. कुणाला खरचटलंही नव्हतं. बाहेरून मामींचा आवाज आला, "आगं बाई! मी येवढं उजाडता उजाडता कोमट पाण्यानं शेकलं, करडईचं तेल चोळचोळून लावलं, तरी थंडी ऱ्हायलीच का त्यास्नी?"

"तेल कुणी सांगितलं व्हतं?" मामा गरजले.

"तुमीच म्हणले, पाव्हण्यांनी कोमट शेक सांगितलाय! तेलाबिगर शेक देतेत व्हय कुणी?"

गावातल्या निम्म्या बाळांना न्हाऊ घालणाऱ्या बाईशी त्या विषयावर कोण वाद घालणार? मामा सावकाश माझ्याकडे वळले.

"बटाटे?"

"हो, मामा."

"मंग ईस वर्सं गावातली समदी ट्रॅक्टरं..."

"अंदाजानं, मामा."

मामांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी गंजीच्या फटीतून बाहेर बघितलं. आवाज ऐकून गल्लीतले चार जण धावत येत होते. मामांनी माझा हात पकडला.

"पाव्हणं," ते कुजबुजले, "हे गावात कुणाला बोलू नका. तुमी टायरवालंच ऱ्हा. न्हाईतर लोकं मला जगू देणार नायत."

वीस वर्षं मी ज्यांना घाबरलो ते गावाला घाबरत होते! मला इतकं हलकं वाटलं की मी गाडीतून एका झटक्यात उठलो आणि छताला डोकं आपटून घेतलं.

त्यानंतर मामा मोकळे झाले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या नातवाचं, म्हणजे माझ्या मेव्हण्याच्या मुलाचं, बारसं होतं. "आता तुमच्या खऱ्या धंद्याचं काम," म्हणून त्यांनी दीडशे पानांच्या भरल्या वांग्यांची खरेदी मोठ्या विश्वासानं माझ्यावर सोपवली. मी मोंढ्यात गेलो, अंगठ्यानं दाबलं, टकटक केलं, वास घेतला आणि दोन पोती वांगी निवडून आणली.

निम्मी किडकी निघाली. मामांनी एक वांगं चिरून आतली अळी बघितली, मला हळूच बाजूला घेतलं आणि विचारलं, "पाव्हणं, आता तरी खरं सांगा. कॅन्टीनात तरी हायत का?"