चाकाखालचं लिंबू

दसऱ्याला गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे. लग्न झालं, नगरला कॉलेजात शिकवायला लागले, तरी या एका कामासाठी दादा माझी वाट बघत थांबतात. दादा म्हणजे माझे वडील. यंदाही त्यांनी सकाळीच गाडी धुतली होती, झेंडूचा हार घातला होता, टायरांना काळं पॉलिश चोळलं होतं. टायर अगदी नवेकोरे दिसत होते.

पुढच्या डाव्या चाकापाशी लिंबू घरंगळून आत गेलं. ते काढायला हात घातला तर बोटाला काहीतरी टोचलं. वाकून बघितलं. बाहेरून चकचकीत असलेला टायर आतल्या कडेला पार गुळगुळीत झाला होता आणि एका जागी तार वर आली होती. याच टायरवर दादा आईला राहुरीजवळच्या देवळालीहून नगरला डायलिसिसला नेत होते, त्या खड्ड्यांच्या, कंटेनरांच्या रस्त्यानं.

मी चिडले. चिडले की समोरचा वयानं केवढा आहे हे मला दिसत नाही. गाडी एका बाजूला ओढत होती, हे कसं कळलं नाही, म्हणून मी आवाज चढवला. दादांच्या हातात पूजेचा नारळ होता. बोलली ती आई.

"वढती की. लई दिवस झालं. त्यांला वाटलं, हातच वढतोय."

दादांना मागच्या वर्षी अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता, डाव्या बाजूला. हात सुधारला, डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं. पण हात जरा जरी दगा देतोय असं वाटलं तर चावी माझ्याकडे द्यायची, असं मी घरात ठणकावून सांगितलं होतं. त्यामुळे राहुरीजवळ चाक खड्ड्यात आदळलं आणि गाडी डावीकडे जायला लागली, तेव्हा दादांनी ते कुणाला सांगितलंच नाही. स्टेअरिंग जरासं उजवीकडे दाबून धरायचं आणि चालवायचं, एवढंच. शेजारी बसून आई सगळं बघत होती. तीही बोलली नाही. तिच्या आजारपणात दादांच्या हातात राहिलेलं हे एकच काम होतं.

दुसऱ्या दिवशी आईला न्यायचंच होतं. त्या चाकाच्या जागी स्टेपनी चढवली, गाडी मी चालवली आणि आईला दवाखान्यात सोडून आम्ही दोघं अलाइनमेंट करायला गेलो. दुकानदारानं चाकांना प्लेटा लावल्या आणि स्क्रीनकडे बघत सांगितलं, की डावं चाक समोरून बाहेर फिरलंय. स्टेअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे जाणार. दाबून सरळ नेली की टायर रस्त्यावर तिरका घासत राहणार आणि आतून झिजणार.

दादांनी विचारलं, "मंजी हाताचं काय न्हवतं?"

कुठल्या हाताचं, हे दुकानदाराला कळलं नाही. दोष गाडीचाच, असं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. दादांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी झटक्यानंतर पहिल्यांदाच बघत होते. नवे टायर बसले, अलाइनमेंट झाली आणि त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी चावी दिली. मलाही बरं वाटत होतं.

परत येताना आई मागे डोळे मिटून पडली होती. नगर मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं, गाडी हळूहळू उजवीकडे सरकतेय. समोरच्या कंटेनरनं जोरात हॉर्न दिला, तशी दादांनी ती आत घेतली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. इतके महिने उजवीकडे दाबायची हाताला लागलेली सवय असेल. किंवा गाडी कुठे चाललीय हे त्या हाताला आता कळतच नसेल. मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येत नाही.

राहुरीच्या अलीकडे दादांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "गाडी अजून वढती का गं?"

हो म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. दुकानदाराला शिव्या घातल्या असत्या आणि पुढच्या वेळी आईला पुन्हा स्वतःच नेलं असतं. मी मागे वळून बघितलं. आई जागी होती. मी हो म्हणावं, असंच तिच्या डोळ्यांत होतं.

"नाही दादा," मी म्हणाले.

त्यांनी इंडिकेटर दिला, गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. चावी तशीच ठेवून उतरले आणि मागचं दार उघडलं. आई सरकली. त्या गाडीत दादा मागे कधी बसले नव्हते, हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळेना. शेवटी आईनं त्यांचा डावा हात स्वतःच्या मांडीवर घेतला.

मी सीट पुढे ओढून स्टेअरिंगवर बसले. रडू आवरत नव्हतं, तरी चावी फिरवली.

"सावकाश घे," दादा मागून म्हणाले. "टायर नवे हायेत."