चिंचेनं घासलेला सेंट

कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये एक अमेरिकन आजोबा राहायचे. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, नजर अधू. २००४च्या सुमाराची गोष्ट. व्हिसामुळे मला नोकरी करता येत नव्हती. नवरा सकाळी कंपनीच्या शटलनं जायचा तो संध्याकाळी सातला उगवायचा. मग दुपारी मी आजोबांकडे वाचायला जायचे.

त्यांना नाद जुन्या एक सेंटच्या नाण्यांचा. दीडशे वर्षांपूर्वीची, तांब्याची, रुपयाएवढी. तज्ज्ञांनी पारखलेलीच घ्यायचे. प्रत्येक नाणं प्लास्टिकच्या डबीत सीलबंद, लेबलवर दर्जाचा आकडा. इंटरनेटवरची वर्णनं मी वाचून दाखवायची, त्यांनी सांगितलं की बोली लावायची. त्यातून मला एवढं कळलं की लेबलवर ‘रेड’ असेल तर भाव चढतो, ‘ब्राऊन’ असेल तर उतरतो. एवढंच कळलं आणि तेच नडलं.

एक नाणं मात्र डबीत नव्हतं. त्यांच्या वडिलांनी शेवटच्या आजारात त्यांच्या हातात ठेवलेलं. ते कागदाच्या पुडीत, ड्रॉवरमध्ये. बायको आजारी पडल्यापासून त्यांनी ती पुडी उघडलीही नव्हती. त्या वर्षी मनावर घेतलं, हेही तज्ज्ञांकडून पारखून घेऊन बाकीच्यांच्या रांगेत ठेवायचं. “माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही. तूच पॅक करून पाठव,” म्हणाले.

घरी येऊन पुडी उघडली. अगंबाई, हे असं काळंकुट्ट पाठवायचं? दसरा दोन दिवसांवर, सिंकमध्ये ताम्हन-पळी चिंच लावून पडलेली. म्हटलं, यालाही जाता जाता आंघोळ घालू. वर चिमूटभर मीठ टाकून दोन मिनिटं अंगठ्यानं चोळलं आणि काय सांगू, लालबुंद! रेड! स्वतःवरच खूश झाले. आजोबांना सांगितलं नाही, सरप्राइज द्यायचं होतं ना! शहाणी मोठी.

महिन्यानं पाकीट परत आलं. मीच फोडलं, मीच आजोबांना वाचून दाखवलं. ‘नाणं घासून साफ केलेलं आहे, दर्जा देता येत नाही.’ तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला रंग हीच त्याची खरी साय, एकदा गेली की परत येत नाही, हे आजोबांनी मला तेव्हा समजावून सांगितलं. करायला गेले गणपती नि झाला मारुती! सांगायला तोंड उघडलं, देवाशपथ उघडलं, पण तेवढ्यात ते म्हणाले, “हे तिचं काम.”

“कुणाचं?”

“बायकोचं. चमचे, कड्या, दिसेल ते घासायची. मी शंभरदा विचारलं होतं, त्या नाण्याला हात लावलास का? शपथ घेऊन नाही म्हणाली होती.” मग भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे, धड दिसत नसताना, बराच वेळ बघत राहिले. “चाळीस वर्षांत ती माझ्याशी एकदाही खोटं बोलली नाही, असं मी लोकांना सांगत आलो.”

तेव्हा तरी बोलावं की नाही माणसानं? नाही बोलले. भित्री मेली! वाटलं, त्यांचा राग निवला की उद्या सांगू. मग नाताळ आला, मग नवऱ्याचं प्रोजेक्ट टेक्सासात प्लेनोला हललं, सामानाची बांधाबांध सुरू झाली. दररोज मला एक नवं कारण सापडत गेलं. आणि त्या बाईंच्या फोटोकडे पाठ करून मी रोज दुपारी त्यांना वर्णनं वाचून दाखवत होते. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेले, तर त्यांनी तीच पुडी माझ्या हातात ठेवली. “तुझ्या देवाजवळ तांब्याचं लागतं म्हणतेस ना? ठेव.” मला दारापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, “आणि हो, तिला मी माफ केलं. तुला सांगायचं राहिलं होतं.”

मी वाकून नमस्कार केला, थँक्यू म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले.